फ्रेममधली ओळ

"बोर्ड कोणाचा आहे?" रहाळकर सरांनी विचारलं.

बोर्ड कोणाचा आहे हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि सरांना तर सगळ्यात जास्त. त्यांना उत्तर नकोच होतं, मान खाली गेलेली बघायची होती. कुंदा वाघमोडेने मान खाली घातली नाही. "माझा आहे, सर," एवढं म्हणून ती टेबलावरच्या पेटीकडे बघत राहिली.

पेटी पोळ्यांच्या डब्याएवढी, पांढरी, समोर छोटा पडदा असलेली. रक्तपेढीत रक्ताच्या पिशव्या ठेवायचे फ्रिज ओळीने मांडलेले असतात, त्यांच्यावर नजर ठेवणं हे या पेटीचं काम. एकेका फ्रिजचं तापमान ती पाळीपाळीने मोजायची आणि एखादा फ्रिज गरम व्हायला लागला की ठणाणा करायची. आमची पुण्यातली कंपनी बरीच वर्षं ही पेटी बनवत होती. मग पेटीतला प्रोसेसर त्याच्या कारखान्याने बनवणंच बंद केलं. नवा घ्यावा लागला तो अगदीच वेगळ्या घराण्यातला. त्याच्यासाठी नवा बोर्ड, म्हणजे प्रोसेसर आणि बाकीचे सुटे भाग तारांनी जोडलेली पट्टी, करायचं काम कुंदाकडे आलं. कर्नल, म्हणजे संगणकात सगळ्यांच्या तळाशी बसून यंत्राला कामाला लावणारा प्रोग्राम, तो त्या प्रोसेसरवर चालता करायचं काम माझ्याकडे, म्हणजे हेमांगी खैरनारकडे आलं.

आणि चाचणीला दिलेली नवी पेटी एका रक्तपेढीत खोटं बोलली होती. तिथल्या टेक्निशियनकडून तिसऱ्या फ्रिजचं दार किलकिलं राहिलं, तो गरम होत गेला, आणि पेटी मात्र सगळं ठीक असल्याचं दाखवत राहिली. दुसऱ्या फ्रिजचं तापमान तिने तिसऱ्याच्या नावावर खपवलं होतं. टेक्निशियनने हातातला थर्मामीटर लावून बघितला म्हणून कळलं. नाहीतर ते रक्त कुणाच्या तरी अंगात गेलं असतं.

"जुनी पेटी इतकी वर्षं खोटं बोलली नाही," सर म्हणाले. "मापाची फाईल तीच आहे. मग बदललं काय? बोर्ड. वाघमोडे, महिनाअखेरपर्यंत चूक शोध. नाहीतर दुसरा डिझायनर शोधायला मला वेळ लागणार नाही."

मी म्हटलं की सर, बोर्ड एकटाच बदललेला नाही, प्रोसेसरही बदललाय, कर्नलही बदललाय.

"कर्नल तू बघितला आहेस. आणि ती फाईल माझी आहे," सर म्हणाले. विषय संपला.

ही फाईल काय होती ते सांगायला हवं. आमचा कर्नल म्हणजे लिनक्स, जगभरातल्या माणसांनी मिळून लिहिलेला, कुणालाही मोफत. पेटीत तापमान मोजणारी एक चिप असते. तिच्याशी बोलण्याचा जो भाग असतो तो सरांनी तरुणपणी स्वतः लिहिला, जगाकडे पाठवला आणि जगाने तो कर्नलमध्ये घेतला. फाईलच्या माथ्यावर त्यांचं नाव. त्या काळात पुण्यातल्या लहानशा कंपनीतल्या माणसाने हे करणं ही काही साधी गोष्ट नव्हती. खरं सांगायचं तर मी त्या नावामुळेच तिथे नोकरीला लागले होते.

पण सरांनी पुढे त्या फाईलचं जे केलं ते बघवत नसे. तिचं एक पान मोठ्या अक्षरांत छापून, सागवानी फ्रेममध्ये घालून त्यांनी रिसेप्शनमध्ये लावलं. दुसऱ्या ऑफिसांत जिथे गणपती असतो तिथे आमच्याकडे रहाळकर सर होते. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला फ्रेमपुढे उभं करायचं. शिवाय कर्नलमध्ये प्रत्येक फाईलचा एक राखणदार नेमलेला असतो. फाईलमध्ये कुणाला काही बदलायचं असेल तर ते आधी त्याने पसंत करावं लागतं. या फाईलचे राखणदार अर्थातच सर. मला काम देताना त्यांनी बजावलं होतं, "सगळं बदल, ती फाईल सोडून. ती कुठल्याही प्रोसेसरवर चालते."

पेटी खोटं कधी बोलते ते पकडायला मी आमची नेहमीची युक्ती केली. प्रोग्राम एकेक काम करताना पडद्यावर तसं लिहील अशा संदेशाच्या ओळी मध्ये मध्ये टाकल्या. संदेश टाकले की पेटी शहाण्यासारखी वागायची. काढले की पुन्हा खोटं. आमच्या धंद्यातल्या कुणालाही याचा अर्थ कळतो: संदेश लिहिण्यात थोडा वेळ जातो आणि तेवढ्यात काहीतरी आपोआप मार्गी लागतं. म्हणजे कामांच्या क्रमात कुठेतरी गोम आहे. मी हे सरांना जाऊन सांगितलं. पुढच्या बैठकीत त्यांनी ते सगळ्यांना ऐकवलं, पण स्वतःच्या पद्धतीने.

"खैरनारने सिद्धच केलं आहे," ते म्हणाले. "प्रोग्राम हळू चालवला की पेटी बरोबर चालते. म्हणजे वाघमोडेच्या बोर्डाला वेग झेपत नाही."

माझ्याच हातची काठी घेऊन त्यांनी तिला मारलं. मी मध्ये बोलायला गेले तर त्यांनी हाताने थांबवलं आणि पुढचा विषय घेतला. मला इतका संताप आला की बैठकभर मी समोरच्या कागदावर नुसत्या रेघोट्या मारत बसले.

कुंदा शिरोळची, सांगलीला शिकलेली. तिचा सोल्डरिंग आयर्न, म्हणजे तारा डाग देऊन जोडायची तापती सळई, आणि भिंग दोन्ही घरून आणलेली. कंपनीच्या आयर्नला ती "ह्यानं फुटक्या भांड्याला डाग द्यावा" म्हणायची. एरवी पुण्यातलं नीट मराठी बोलायची, पण चिडली की शिरोळ बाहेर पडायचं आणि तिकडच्या बायकांसारखं "मी आलो, मी गेलो" सुरू व्हायचं.

एका सकाळी तिने मला खाली तिच्या टेबलाशी बोलावलं. बोर्डावरच्या बारीक तारांना चिमटे लावून तिने ते तारांमधली हालचाल टिपणाऱ्या यंत्राला जोडले होते. यंत्राच्या पडद्यावर वरखाली दोन रेषा होत्या.

"हेमांगी, बघ की. घंटा आधी वाजतीया."

त्या फाईलमधलं काम साधं होतं. प्रोग्रामने आधी चिपमधल्या एका जागेत, आमच्या बोलण्यात पाटीवर, फ्रिजचा नंबर लिहायचा, मग घंटा वाजवायची, म्हणजे चिपला खूण करायची. घंटा ऐकली की चिप पाटी वाचणार आणि तो फ्रिज मोजणार. वरची रेष पाटीची, खालची घंटेची. बाकी सगळीकडे वरची रेष आधी हलत होती. कुंदाने पकडलेल्या त्या एका ठिकाणी खालची आधी हलली होती. पाटीवर अजून जुना नंबर असतानाच घंटा वाजली आणि चिपने आधीचाच फ्रिज पुन्हा मोजला.

"तुमच्यात घंटा आधी लिहिलीया होय?" तिने विचारलं.

"नाही गं. आधी पाटी, मग घंटा. तसंच लिहिलंय."

"मग हे उलटं कोण करतंय?"

मी त्या रेषांकडे बघत राहिले आणि एकदम लख्ख कळलं. जुना प्रोसेसर सांगितलेली कामं सांगितलेल्या क्रमाने करणारा होता. नवा वेगवान आहे तो यासाठीच की जे काम आधी उरकेल ते तो आधी उरकून टाकतो. क्रम राखायला हवा असेल तर दोन कामांच्या मध्ये एक ओळ लिहून त्याला बजावावं लागतं, की आधीचं पुरं होईपर्यंत पुढचं करायचं नाही. सरांच्या फाईलमध्ये ती ओळ आहे का?

कुंदाला दाखवायचं तर अडचण होती. कोणी काही चोरू नये म्हणून बोर्डवाल्यांच्या कार्डाने आमच्या खोलीचं दार उघडत नसे आणि त्यांच्या संगणकांवर आमचं काहीही दिसत नसे. जी फाईल साऱ्या जगाला मोफत, ती कुंदाला तिच्या टेबलावर बंद. मग मी तिला हाताला धरून रिसेप्शनमध्ये नेलं. फ्रेममध्ये नेमकं तेच पान होतं.

"ही पाटी," मी काचेवर बोट ठेवलं. "आणि ही घंटा."

दोन्ही ओळी एकीखाली एक होत्या. मध्ये काही नव्हतं. इतकी वर्षं सगळे त्या पानाखालून येत जात होतो.

"काचेला बोटं नका लावू हो," रिसेप्शनवरची रजनी म्हणाली. "सर मला ओरडतात."

मी वर जाऊन माझ्या संगणकावर ती एक ओळ टाकली. संदेश सगळे काढून टाकले. मग कुंदाने आणि मी त्या पेटीला आठवडाभर छळलं. फ्रिजची दारं उघडली, बंद केली, गरम पाण्याच्या बाटल्या आत ठेवल्या, प्रोग्राम जमेल तितका पळवला. पेटी एकदाही खोटं बोलली नाही. आम्ही दोघी सरांच्या केबिनमध्ये गेलो. मला खरंच वाटत होतं की सरांना आनंद होईल.

त्यांनी कुंदाचा छापलेला आलेख हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "चिमटा कुठे लावला होतास? लांब तार लावली की असले भास होतात."

मी ओळीचं सांगितलं. त्यांनी आलेख खाली ठेवला.

"हे बघ खैरनार, ही फाईल जगभर चालते. आजपर्यंत कुणी चकार शब्द काढलेला नाही. आता मी माझ्याच ऑफिसातून जाहीर करू की माझी फाईल चुकीची आहे?"

"चुकीची नाही सर. जुन्या प्रोसेसरवर ती बरोबरच होती. नव्याला अपुरी पडते."

"अपुरी." मी शिवी दिल्यासारखा त्यांनी तो शब्द उच्चारला. "अपुरा तो बोर्ड आहे."

"मी मोजलंय सर," कुंदा म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "बोर्डावर जे झालं ते ह्यात दिसतंय. मी काय खोटं बोलतोय होय?"

सर हसले. "बोलतोय? आधी भाषा सुधार. मग बोर्ड सुधार."

आज इतक्या वर्षांनी लिहितानाही माझे कान गरम होतात. एक बाई मोजमाप घेऊन समोर उभी आहे, तिची नोकरी पणाला लागली आहे, आणि हा माणूस तिच्या क्रियापदाला हसतो. कुंदाने टेबलावरचा आलेख उचलला, घडी घातली आणि बाहेर निघून गेली.

महिनाअखेरीला तिच्याकडून राजीनामा मागून घेतला. ती इतक्या तिरीमिरीत गेली की आयर्न आणि भिंगसुद्धा टेबलावर राहिलं. पुण्यात असले बोर्ड करणारी माणसं मोजकी आणि ती करून घेणाऱ्या कंपन्याही मोजक्या. सगळे एकमेकांना ओळखतात. चिंचवडच्या एका कंपनीने तिला जवळजवळ घेतलंच होतं. त्यांनी रीत म्हणून सरांना फोन केला. सरांनी सांगितलं की मुलगी कष्टाळू आहे, पण तिचा बोर्ड रक्तपेढीच्या चाचणीत नापास झाला. चिंचवडचं दार बंद झालं.

हे तिने मला ऑफिसजवळच्या चहाच्या टपरीवर सांगितलं. ती रडत नव्हती. चहा मात्र तसाच हातात धरून बसली होती.

"माझा बोर्ड चुकला न्हाई हे मला कळतंय आणि तुला कळतंय," ती म्हणाली. "आता हे जिथं तिथं माझ्या आधी पोचणार. मी दुसरं काय करू गं? मला दुसरं काय येतंय?"

तिच्या जागी आलेल्या माणसाने बोर्डावरच्या तारा आखूड केल्या. पेटी खोटं बोलतच राहिली. मग सरांनी फर्मान काढलं: माझ्या संदेशाच्या ओळी पुन्हा टाका आणि संदेशांसकट पेट्या रक्तपेढ्यांना पाठवायच्या तयारीला लागा. म्हणे, संदेश असले की चालतं ना? मी परोपरीने सांगितलं की संदेश हा इलाज नव्हे, उद्या कुणी ते अनावश्यक म्हणून बंद केले की पेटी पुन्हा खोटं बोलेल आणि तेव्हा थर्मामीटर घेऊन कुणी उभं नसेल. सर म्हणाले, "तू काळजी करू नकोस." त्यांनी काळजी करायला हवी होती. फाईल निष्कलंक राहावी म्हणून ते रक्ताच्या पिशव्या पणाला लावायला निघाले होते, आणि तिला कुणी हात लावू नये म्हणून कुंदाला आधीच घालवून बसले होते.

तेव्हा मी ठरवलं की ही ओळ जगाकडे पाठवायची.

कर्नलची एक रीत मला फार आवडते. तिथला सगळा व्यवहार उघड्यावर चालतो. बदल सुचवायचा तर तो एका सार्वजनिक यादीवर मेल करायचा, जगात कुणीही तो वाचू शकतो. राखणदाराला नाही म्हणायचं असेल तर तेही सगळ्यांसमोर, कारण देऊन. आणि बदलाच्या टिपणाखाली ती चूक कुणी दाखवून दिली त्याचं नाव लिहायचं. तिथे पद नाही, कंपनी नाही, नुसतं नाव. मी टिपण लिहिलं, आलेखाचं वर्णन दिलं आणि खाली कुंदा वाघमोडे हे नाव घातलं.

मेल ऑफिसातून पाठवली तर ती परत आली. आमच्या कंपनीच्या प्रत्येक मेलखाली आपोआप एक धमकी चिकटायची, की हा मजकूर गोपनीय आहे, तुमच्यासाठी नसल्यास वाचू नये, ताबडतोब नष्ट करावा. साऱ्या जगाला वाचायला पाठवलेल्या मेलखाली हे वाचून त्या यादीच्या यंत्राने ती सरळ परत फेकली. संगणक विभागातल्या माणसाला ती धमकी काढायला सांगितली तर तो म्हणाला की ती सरांनी स्वतः शब्द निवडून लिहिली आहे. शेवटी घरच्या पत्त्यावरून पाठवली. रीतीप्रमाणे एक प्रत राखणदाराला, म्हणजे सरांनाच. आरोपीला विचारून खटला भरायचा असला प्रकार, पण रीत ती रीत.

सरांचं उत्तर लगेच आलं, सगळ्या जगासमोर. बदल नामंजूर. फाईलमध्ये दोष नाही. दोष एका कच्च्या बोर्डाचा असून त्या बोर्डाच्या डिझायनर आता आमच्याकडे नाहीत.

मग मला केबिनमध्ये बोलावलं. "घरातली भांडणं चव्हाट्यावर नेलीस," ते म्हणाले.

"घरातली कशी, सर? तिला तर तुम्ही घराबाहेर काढलंत."

त्यांनी माझ्याकडून कर्नलचं काम काढून घेतलं आणि दुरुस्तीला आलेल्या जुन्या पेट्या तपासायला बसवलं. त्याचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते कुंदाचा फोन आला तेव्हा. तिनेही यादीवर सरांचं उत्तर वाचलं होतं.

"माझं नाव कशाला घातलंस?" ती म्हणाली. "पुण्यात होती तेवढी अब्रू पुरे नव्हती? आता परदेशातबी कळलं."

थोडं थांब, एवढंच म्हणता आलं. तिने फोन ठेवला. मी रोज यादी उघडून बघत होते आणि तिथे सरांच्या उत्तराखाली काही नव्हतं. बऱ्याच दिवसांनी त्या उत्तराखाली आणखी एक उत्तर आलं.

लिहिणारा कुठल्याशा उत्तरेकडच्या देशातला, ना ओळख ना पाळख. त्याची कंपनी मासेमारीच्या बोटींवरच्या शीतखोल्यांसाठी यंत्रं करायची. तीच चिप, तीच सरांची फाईल आणि आमच्यासारखाच नवा प्रोसेसर. त्याने लिहिलं होतं की आमची यंत्रंही एका खोलीचं तापमान दुसरीच्या नावावर दाखवत होती, आम्ही बोर्डालाच दोष देऊन तो पुन्हा पुन्हा बदलला, एक चांगला माणूसही गमावला. ही ओळ टाकली आणि सगळं थांबलं. शेवटी, वाघमोडेंना माझे आभार कळवा.

लगोलग सरांच्याही वरच्या राखणदाराने एकच वाक्य लिहिलं: तुमची हरकत अजून कायम आहे का, आणि असल्यास कशाच्या आधारावर?

सर्वांसमोर विचारलेला प्रश्न. सरांनी उत्तर दिलं नाही. ते कधीच आलं नाही. वरच्या राखणदाराने वाट बघितली आणि ओळ कर्नलमध्ये घेतली, टिपणासकट, टिपणाखालच्या नावासकट.

मला वाटलं होतं सर निदान काही दिवस तोंड लपवतील. कसलं काय. त्यांनी ऑफिसात पेढे वाटले. आपली फाईल आता नव्या प्रोसेसरसाठी सज्ज झाली आहे, म्हणाले. संदेश काढले, ओळ घातली, कुंदाचाच आधीचा बोर्ड पुन्हा बाहेर काढला आणि पेट्या तयार व्हायला लागल्या. तिचं नाव कुणी काढलं नाही. माझ्यापुढे पेढ्यांचा बॉक्स आला तेव्हा मी तो हातानेच बाजूला केला आणि सगळ्यांसमोर म्हटलं की सर, आता चिंचवडला फोन करून खरं काय ते सांगा.

"झालं गेलं, खैरनार," सर म्हणाले. "त्यांनी एव्हाना कुणाला घेतलंही असेल. उगाच जुनं कशाला उकरायचं?"

जुनं उकरायचं नव्हतं, पण नवं मढवायचं होतं. त्याच आठवड्यात फ्रेममधलं पान बदललं. नव्या पानावर पाटी आणि घंटा यांच्या मध्ये ती ओळ होती. पण चूक दाखवणाऱ्याचं नाव फाईलमध्ये नसतं, ते बदलाच्या टिपणात असतं आणि टिपण वेगळं राहतं. त्यामुळे भिंतीवर दिसत होतं ते एवढंच की मध्ये कुंदाची ओळ आणि माथ्यावर रहाळकर सरांचं नाव.

कुंदा तिचं सामान न्यायला आली ती त्यानंतर एका दुपारी. मी आयर्न आणि भिंग पिशवीत घालून खाली घेऊन गेले. रजनीने तिला पाहुण्यांच्या वहीत सही करायला लावली आणि पाहुण्यांना देतात तो चिकटपट्टीचा कागद दिला. वर कंपनीचं चिन्ह, खाली रजनीच्या गोल अक्षरात: कुंदा वाघमोडे. इतकी वर्षं कार्ड दाखवून आत जाणाऱ्या बाईने तो मुकाट्याने छातीवर लावला. रजनीने मान वळवली.

कुंदा फ्रेमपुढे जाऊन उभी राहिली होती.

"हीच का ती?" तिने विचारलं.

"हीच."

"वर नाव त्यांचंच हाय."

"हो."

"चिंचवडला फोन केला त्यांनी?"

मी नाही म्हटलं. मी पिशवी पुढे केली, पण तिने ती घेतली नाही.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. सर एका रक्तपेढीच्या डॉक्टरांना घेऊन बाहेर येत होते. डॉक्टर वयस्कर, पांढरा बुशशर्ट घातलेले, चष्मा गळ्यात लोंबणारा. सरांचा तोंडभर हसरा चेहरा आम्हाला बघून जरासा बिघडला, पण पाहुणा बरोबर होता आणि फ्रेम समोर होती.

"हे आमचं कर्नलमधलं काम," सरांनी सुरुवात केली. "पूर्वीपासून जगभर वापरात आहे. आणि नव्या पेटीसाठी नुकतीच आम्ही यात..."

कुंदा एक पाऊल पुढे झाली. छातीवरचा कागद तिने सावकाश, न फाडता सोलून काढला आणि काचेवर लावला, बरोबर त्या ओळीच्या शेजारी. अंगठ्याने चारी कोपरे दाबले.

"काचेला बोट लावलं, सर," ती म्हणाली. मग माझ्या हातातली पिशवी घेतली आणि दार ढकलून निघून गेली.

सर रजनीकडे बघत होते. त्या बघण्याचा अर्थ रजनीला चांगला कळत होता. तिने न वाजलेला फोन उचलला आणि कानाला लावला.

डॉक्टरांनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि काचेजवळ वाकले. "कुंदा वाघमोडे," त्यांनी वाचलं. मग वळून सरांना विचारलं, "या कोण?"

मी पुढे झाले.

"आमच्या पेटीतला बोर्ड त्यांचा आहे, डॉक्टर," मी म्हटलं. "आणि ही ओळही त्यांचीच."